दंडावरचे चार चौकोन

"या पृथ्वीच्या पाठीवर अशी एकही वस्तू नाही, जी शेवटी गुळगुळीत होत नाही! डोंगर होतात, दगडधोंडे होतात, माणसांचे स्वभावसुद्धा होतात. फक्त घासणारा चिवट पाहिजे."

एखाद्या तत्त्ववेत्त्याने शिखरावर उभं राहून, दाढी वाऱ्यावर सोडून काढावेत अशा तोलाचे हे उद्गार. ते निघाले मात्र एका जेवणाच्या टेबलाखालून. बोलणारा तिथे उताणा पडून पॉलिश पेपर मारत होता, आणि 'पाहिजे' म्हणताना उघडलेल्या तोंडात चमचाभर भुसा गेल्यामुळे पुढचा भाग थुंकण्यात गेला.

"आधी स्वतःचे दंड करा गुळगुळीत," टेबलाबाहेरून त्याच्या बायकोचा आवाज आला. "पृथ्वीचं मग बघू. चहा ठेवलाय, त्यात भुसा पाडू नका."

आळीत त्याला सगळे गुळगुळीतराव म्हणत. लाकडी सामानाला पॉलिश करणं हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्यात त्याच्या हाताला तोड नव्हती. कपाट तयार झालं की तो गिऱ्हाइकाला त्यावर गाल टेकायला लावायचा. चांगले कोटबिट घातलेले लोक त्याच्या कारखान्यात कपाटांना गाल लावून डोळे मिटून उभे असायचे, आणि रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, आत काहीतरी दुःखद घडलंय.

असा हा माणूस भर उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला सदरा घालायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, भुशामुळे. खरं कारण त्याच्या दंडांवर होतं. खांद्यापासून कोपरापर्यंत, बाहेरच्या अंगाला, मोहरीएवढे बारीक बारीक फोड. दुखत नव्हते, वाढत नव्हते आणि जातही नव्हते. थंडीने अंगावर काटा यावा आणि मग थंडीने जाताना तो परत न्यायला विसरावं, असा प्रकार. त्यातले काही त्याने लहानपणापासून नखाने टोकरून काढले होते. तिथे आता फोड नव्हते, काळपट डाग होते, आणि डागाशेजारी नवा फोड आलेला होता. कापडाच्या एका बोळ्यात लाकूड आरशासारखं करणाऱ्या माणसाचे दंड म्हणजे साक्षात किसणी.

त्याने ते आयुष्यभर खपवून घेतलं होतं. पण त्या दिवशी चहाचा पहिला घोट घेतो न घेतो तोच त्याची लेक कामावरून आली, पाठीवरची पिशवी खुर्चीत आदळली आणि म्हणाली, "मी फायनल लढणार नाही."

लेकीला घरात ठकी म्हणत. जुन्या काळच्या लाकडी बाहुलीचं नाव. ती जन्मली तेव्हा अगदी तशीच ठोकळेबाज होती. आता ती पार्सल कचेरीत सामान वेगळं करण्याच्या खात्यात होती. दिवसभर खोकी उचलून उचलून तिच्या दंडांत असं बळ आलं होतं, की घरातली गंजलेली खिडकी तिने एकदा उघडायला म्हणून ओढली आणि चौकटीसकट हातात आणली. कचेरीच्या वार्षिक खेळांत पंजा लढवायच्या स्पर्धेत तिने दोन ड्रायव्हर, एक वजनकाटेवाला आणि स्वतःच्या साहेबांना टेबलावर लोळवलं होतं. उरली होती फक्त फायनल, आणि समोर होती हिशेब खात्यातली तिजोरीबाई. हे नाव तिला तिच्या कामावरून नव्हे, आकारावरून पडलं होतं. गेली कित्येक वर्षं पहिलं बक्षीस तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेलं नव्हतं.

"लढणार नाही म्हणजे?" गुळगुळीतरावाने बशी खाली ठेवली. "आळीत सगळ्यांना सांगून बसलोय मी!"

"मग आता परत सांगून या." ठकीने पिशवीतून एक लाल बनियनसारखा प्रकार काढून टेबलावर टाकला. "हा घालायचाय. बिनबाह्यांचा. गेल्या वर्षी गोदामातल्या एकाने बाहीच्या आत लाकडी फूटपट्टी बांधली होती, हात वाकू नये म्हणून. तेव्हापासून नियमच केलाय. दोन्ही दंड उघडे पाहिजेत."

"मग?"

ठकीने अंगातलं जाकीट फक्त घट्ट ओढून घेतलं. बाहेर इतकं उकडत होतं, की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा भुंकायचं काम सावलीत बसून करत होती.

गुळगुळीतरावाला उलगडा झाला. ठकीचे दंड त्याला माहीत होते. हुबेहूब त्याचेच. फोड तेच, डाग तेच, टोकरायची खोडसुद्धा तीच.

"सगळी कचेरी जमते बाबा," ठकी म्हणाली. "शाळेत मला त्या एका कार्टीने 'भाजलेली कोंबडी' म्हटलं होतं, तेव्हापासून मी बिनबाह्यांचं काही घातलेलं नाही. आता काय सगळ्या हिशेब खात्यापुढे जाऊ?"

"नाक माझं घेतलंन, केस माझे घेतलेन," बायको कपबशा उचलत म्हणाली. "तुमच्याकडून काय आलं पोरीला? दंड!"

हे वाक्य त्याच्या वर्मी लागलं. आपण लेकीला काही मोठी इस्टेट देऊ शकलो नाही हे त्याला ठाऊक होतं, पण जी काही दिली ती अशी अंगभर उठून दिसणारी असावी, याचं त्याला वाईट वाटलं. तो उठला, भुसा झटकला आणि म्हणाला, "ठके, तू नाव मागे घेऊ नकोस. फायनलच्या आत तुझे दंड मी असे करून देतो, की माशी बसली तर घसरेल."

"कसे?"

"ते माझ्यावर सोड. मी काय आजच धंद्याला बसलोय?"

आणि इथेच सगळं बिनसायला सुरुवात झाली. कारण गुळगुळीतरावाच्या धंद्याचा एक नियम होता, आणि तो त्याने आजवर मोडला नव्हता. गिऱ्हाइकाच्या सामानाला थेट हात लावायचा नाही. आधी नमुना. टाकाऊ फळी घ्यायची, तिच्यावर चिकटपट्टीने चौकोन आखायचे, प्रत्येक चौकोनात वेगळा प्रयोग करायचा, सुकू द्यायचा, उजेडात तिरकं धरून बघायचं, आणि जो पास होईल तोच खऱ्या सामानावर.

आता लेकीचे दंड म्हणजे खरं सामान. टाकाऊ फळी कुठून आणायची? त्याने सदरा काढला, आरशात स्वतःचा डावा दंड पाहिला आणि त्याला जाणवलं, की इतकी अचूक जुळणारी टाकाऊ फळी जगात दुसरी मिळणार नाही.

त्याने दंडावर चिकटपट्टी लावून चार चौकोन आखले. पहिल्यात अंघोळीचा खरबरीत हातमोजा. दुसऱ्यात वज्री, म्हणजे आपण टाचा घासतो तो दगड. तिसरा आणि चौथा रिकामे ठेवले. कोपराजवळची पट्टी मूळ लाकूड म्हणून तशीच सोडली.

"अहो, हे काय, दंडाला खिडकी बसवताय का?" बायकोने विचारलं.

"नमुना आहे."

"तो तर तुम्ही आहातच. डॉक्टरकडे जा की सरळ."

तो गेला. म्हणजे जावं लागलं, कारण दुसऱ्या चौकोनात वज्रीने त्याने इतक्या निष्ठेने काम केलं होतं, की तिथे फोड दिसेनासे झाले होते. कातडीही दिसेनाशी झाली होती. उरला होता तो एक लालभडक चौकोन. मजकूर लिहायचा बाकी ठेवलेला धोक्याचा फलकच जणू.

कातडीची डॉक्टर वयाने ठकीएवढीच होती. तिने भिंग लावून दंड पाहिला. मग चिकटपट्टी पाहिली. मग भिंग बाजूला ठेवून गुळगुळीतरावाकडे पाहिलं.

"काका, हे चौकोन?"

"त्यांचं सोडा. त्यांच्या आतलं बघा."

"आतलं साधं आहे," ती म्हणाली. "केसांच्या मुळाशी कातडीचा कोंडा साचून बूच बसतं. प्रत्येक फोड म्हणजे एक बूच. रोग नाही, अपाय नाही, दुसऱ्याला होत नाही. घराण्यात असतं. कितीतरी जणांना असतं, लोक बाह्या घालतात म्हणून कळत नाही."

"काढायचं कसं?"

"मुळातून जाईलच असं नाही. कमी होतं, परत येतं. वय वाढलं की बऱ्याच जणांचं आपोआप मऊ पडतं. मी लोशन देते. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं. रोज. काही महिने. टोकरायचं नाही, टोकरलं की डाग. आणि मुख्य म्हणजे, घासायचं नाही."

गुळगुळीतरावाला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या तपासणीत बसलोय. "घासायचं नाही?"

"अजिबात नाही. घासलं की चिडतं."

"आणि गुळगुळीत कसं होणार मग?"

"सावकाश."

त्याच्या आयुष्यात इतका मोठा अपमान त्याचा कुणी केला नव्हता, आणि तोही इतक्या गोड आवाजात. तरी त्याने धंद्याला शोभेल असा एक शेवटचा प्रश्न विचारला. "बरं, लोशनचे हात किती द्यायचे? दोन की तीन?"

"दोन्ही हातांना," डॉक्टर म्हणाली.

पॉलिशवाल्यांच्या भाषेत हात म्हणजे थर, हे तिला समजावत बसण्यात अर्थ नव्हता. तो लोशन घेऊन घरी आला आणि तिसऱ्या चौकोनात ते लावलं. रीतसर, अंघोळीनंतर, ओलसर अंगावर. फक्त बोटाने न लावता सवयीने बोळ्याने लावलं, एकाच दिशेने, लांब हाताने.

"बाबा, मी पण लावू का?" ठकीने विचारलं.

"छे! नमुना पास झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला हात लावायचा नाही."

"डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना लावायला?"

"डॉक्टरीणबाईंनी आजवर किती कपाटं केलीत?"

ठकी आपली रोज कामावरून आली की बापाचा दंड उजेडात तिरका धरून बघायची. लोशनचा चौकोन दिवसागणिक किंचित मऊ पडत होता, इतका किंचित, की गुळगुळीतरावाच्या लेखी ते कामच नव्हतं. तो म्हणायचा, "याला काय अर्थ आहे? इतक्या वेळात मी अख्खा दिवाणखाना उरकतो."

फायनल तोंडावर आली आणि चौथा चौकोन रिकामाच होता. त्या संध्याकाळी कारखान्यात एका कपाटाच्या दारावर काम करताना त्याच्या डोक्यात वीज चमकली. लाकडाची छिद्रं आपण कधी घासून घालवतो का? नाही! ती आपण भरतो! उंचवटे खाली येत नसतील तर जमीन वर आणायची! इतका साधा विचार आजवर वैद्यकशास्त्राला सुचला नाही याचं त्याला नवल वाटलं आणि थोडी दयाही आली.

त्याने पुट्टी कालवली आणि फोडांच्या मधल्या जागा बोटाने भरल्या. ती सुकेपर्यंत दंड पंख्यासमोर धरून उभा राहिला. मग चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या, पॉलिशचा बोळा घेतला. त्यात अक्रोडी रंग का घातला हे त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. दार अक्रोडी होतं, हात चालू होता, हातानेच घातला. एक थर, दुसरा थर, तिसरा. सुकल्यावर तो दिव्याखाली गेला आणि त्याने दंड तिरका धरला.

चौकोन असा चमकत होता, की त्यात दिवा दिसत होता. आणि दिव्याच्या उजेडात एक ना एक फोड, मागचापुढचा, लहानमोठा, लेकुरवाळा, काचेखाली मांडून ठेवल्यासारखा ठळक झळकत होता.

तेव्हा त्याला आठवलं. पॉलिशने लाकडाच्या रेषा लपत नाहीत, उठून दिसतात. हे तो स्वतःच प्रत्येक गिऱ्हाइकाला, छाती पुढे काढून, जन्मभर सांगत आला होता.

पॉलिश काढायला स्पिरिट लागतं. त्याने बोळा भिजवला, टेकवला, आणि शेजारच्या वज्रीवाल्या चौकोनावर त्याचा एक ओघळ गेला. त्यानंतर त्याच्या तोंडून जे निघालं ते ऐकून समोरच्या दुकानदाराने ग्राहक आत असतानाच शटर ओढलं. पॉलिश तसंच राहिलं.

स्पर्धेच्या दिवशी तिघं पार्सल कचेरीत गेली तेव्हा परिस्थिती अशी होती: ठकीच्या दंडांवर काहीही केलेलं नव्हतं. तिने ते बापाच्या भरवशावर ठेवले होते, आणि बाप नमुन्यापाशी अडकला होता. लाल बनियन तिने आत घातला होता, पण वरून जाकीट होतं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "मी जाकीट काढणार नाही. चालवून घेतलं तर लढेन, नाहीतर घरी."

पार्सल वेगळी करायच्या मोठ्या हॉलमध्ये सरकता पट्टा बंद ठेवला होता आणि त्यावर लोक ओळीने बसले होते. मधोमध सामान तोलायचं लोखंडी टेबल. एका बाजूला चिकटपट्टीची रिळं आणि बारदानाचे ढीग, दुसऱ्या बाजूला बक्षीस म्हणून ठेवलेला भला मोठा प्रेशर कुकर. पंच होता कॅन्टीनचा मॅनेजर, कारण शिट्टी त्याच्याकडेच होती.

तिजोरीबाई आधीच येऊन बसली होती. तिने लाल बनियनवर एक शाल गुंडाळली होती आणि ती आरामात शेंगदाणे खात होती. टेबल तिच्यापुढे पाटासारखं दिसत होतं.

"जाकीट काढा," पंच ठकीला म्हणाला.

"नाही काढणार."

"नियम आहे ताई."

"मग माझं नाव खोडा." ठकी वळली.

सगळ्या हॉलमधून "अरेरे" असा आवाज उठला. पट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं, "घाबरली!" ठकीचे कान लाल झाले, पण ती चालतच राहिली. गुळगुळीतरावाने तिचा चेहरा पाहिला. शाळेतून आली होती त्या दिवशीचाच तो चेहरा होता, फक्त मोठा झालेला. त्याला वाटलं, या मुलीला आपण आणखी एकदा अशीच घरी नेली, तर आपण केलेली सगळी कपाटं व्यर्थ आहेत.

"थांब ठके!" तो ओरडला आणि टेबलापाशी आला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने बटणं काढायला सुरुवात केली.

"अहो, काय करताय?" बायको मागून म्हणाली. "बनियन धुतलेला आहे का बघा तरी!"

त्याने सदरा उतरवला. डाव्या दंडावर ओळीने चार चौकोन: एक गुलाबी, एक लालभडक, एक फिकट, आणि एक अक्रोडी, चकचकीत, ज्यात समोरची खिडकी दिसत होती. आणि भोवताली सगळीकडे फोडच फोड.

"बघा!" तो म्हणाला. "हे माझे. पोरीला माझ्याकडून आलेत. हसायचं तर मला हसा!"

लोकांना दोनदा सांगावं लागलं नाही. हॉल असा हसला, की बारदानाचा ढीग कोसळला. ड्रायव्हर एकमेकांच्या गळ्यात पडले. पंच हसता हसता शिट्टी फुंकत होता, त्यामुळे स्पर्धा सुरू झाली की संपली हेच कळेना. ठकीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हसत नव्हती एकटी तिजोरीबाई. ती पुढे वाकून अक्रोडी चौकोन निरखत होती.

"हे कसले म्हणायचे?" तिने विचारलं.

"बुचं आहेत. केसांच्या मुळाशी बसतात. घराण्यात असतं."

"असं होय." तिने तोंडातले शेंगदाणे संपवले आणि खांद्यावरची शाल टाकून दिली. "मग माझं घराणं मोठंय."

गुळगुळीतरावाने पाहिलं. जन्मात इतकी विस्तीर्ण खरखर त्याने एका ठिकाणी पाहिली नव्हती. त्याची बोटं आपोआप शिवशिवली.

"हात लावून सांगा ना," तिजोरीबाई म्हणाली. "जाणकार दिसता. जास्त कुणाची? तुमची का माझी?"

त्याने बायकोकडे पाहिलं. परस्त्रीच्या दंडाला सगळ्या कचेरीदेखत हात लावायचा म्हणजे घरातून परवाना हवा.

"लावा, लावा," बायको म्हणाली. "लाकूड समजून लावा."

"लाकूड कुणाला म्हणता हो?" तिजोरीबाई.

"चांगलं सागवानी म्हणत्ये मी. राग कशाला?"

गुळगुळीतरावाने डोळे मिटले. खरखर तो कधीच डोळ्यांनी जोखत नसे. दोन बोटं खांद्यापासून कोपरापर्यंत एकदाच, हलकी, सरळ फिरवली. लोक श्वास रोखून बघत होते. त्याने डोळे उघडले आणि फळीवर शिक्का मारावा तसं म्हणाला, "ऐंशी नंबर."

"म्हणजे?"

"पॉलिश पेपरचा नंबर. आकडा जितका लहान, तितका कागद खरबरीत. ऐंशी म्हणजे दार खरवडायचा. सलाम आहे बाई तुम्हाला. मी स्वतः शंभराच्या घरात आहे."

तिजोरीबाईचा चेहरा उजळला. हिशेब खात्याने टाळ्या वाजवल्या. बघता बघता पट्ट्यावरून वजनकाटेवाला उतरला, बाही वर करत म्हणाला, "काका, माझं बघा जरा." त्याच्या मागे एक ड्रायव्हर. त्याच्या मागे ठकीचे साहेब, इकडेतिकडे बघत, कोट काढत. गुळगुळीतराव डोळे मिटून एकेकावर बोटं फिरवत होता. "एकशेवीस... दीडशे... साहेब, तुम्ही चारशे. तुम्हाला काही नाही. उगाच रांगेत उभे राहू नका." साहेब हिरमुसले होऊन कोट घालू लागले.

"पण लेकीचं काय?" तिजोरीबाईने विचारलं. "ती कितीची?"

खरं तर हा प्रश्न टाळायला हवा होता. पण डोळे मिटलेले, बोटं तापलेली, धंदा रंगात आलेला. त्याच्या तोंडून निघून गेलं, "ठकी ना? ती काय, एकशेवीस. फार तर."

"काय?"

हा आवाज दारातून आला.

"एकशेवीस?" ठकी ताडताड चालत आली. "मी? त्या वजनकाटेवाल्याइतकी?"

"अगं, म्हणजे चांगलंच आहे ना ते. कमी खरखरीत..."

"डोळे मिटून घरबसल्या सांगायला तुमचं काय जातंय? बोटं फिरवली का कधी? हे बघा!" आणि तिने जाकीट खसकन काढून बापाच्या डोक्यावर फेकलं. "हे इथे बघा. आणि हे मागे. आणि हा दुसरा दंड. याला एकशेवीस म्हणता?"

जाकिटाखालून गुळगुळीतरावाने चाचपडत बोटं फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तीच जागा दोनदा तपासली. एकीकडे धंद्याची इमानदारी, दुसरीकडे पोटची पोर. सगळी कचेरी निकालासाठी कान टवकारून होती.

"नव्वद," तो शेवटी म्हणाला. "पण ऐंशी नाही ठके. देवाशपथ सांगतो, ऐंशी नाही. बाई पुढे आहेत."

"राहू दे गं," तिजोरीबाई समजुतीने म्हणाली. "तू लहान आहेस अजून. होतील."

एवढं बोलायला नको होतं. ठकीने खुर्ची ओढली, बसली, कोपर टेबलावर आदळलं आणि पंजा उघडून पुढे केला. "या," ती म्हणाली. "बघतेच." आपण बिनबाह्यांच्या बनियनवर, दोन्ही दंड उघडे टाकून, सगळ्या हिशेब खात्यापुढे बसलोय, याकडे तिचं लक्षही नव्हतं. गुळगुळीतरावाचं होतं. त्याने जाकीट डोक्यावरून काढून हळूच पाठीमागे लपवलं.

पंजात पंजा गुंतला. शिट्टी झाली.

पहिला बराच वेळ काहीच घडलं नाही. दोन दंड, ऐंशी आणि नव्वद, समोरासमोर उभे. मग टेबल करकरायला लागलं. मग तिजोरीबाईच्या कपाळावर एक थेंब आला. ठकीचा हात मागे गेला, आणखी मागे गेला, टेबलापासून दोन बोटं उरली. हिशेब खातं उभं राहिलं.

"ठके!" आई ओरडली. "खिडकी आठव!"

ठकीने डोळे मिटले, दात आवळले, आणि चौकटीसकट ओढली. तिजोरीबाईचा हात वर आला, मध्यावर थांबला, पलीकडे झुकला, आणि अख्खं टेबल दणाणेल असा खाली आला. वजनकाटेवाला मागून आनंदाने नाचत होता. तिजोरीबाई क्षणभर स्वतःच्या हाताकडे बघत राहिली, मग मनापासून हसली आणि म्हणाली, "पण खरखर माझीच जास्त हां. ते लिहून ठेवा कुणीतरी."

प्रेशर कुकर ठकीच्या डाव्या काखेत देण्यात आला. उजवा हात खांद्यापासून दोरीसारखा लोंबत होता, उचलता येत नव्हता. लोक गोळा झाले. गुळगुळीतराव तोलाच्या टेबलावर चढला. बनियनवरच, चारही चौकोन फडकवत.

"मंडळी!" तो म्हणाला. "मी आजवर म्हणत आलो, की प्रत्येक वस्तू गुळगुळीत व्हायलाच पाहिजे. आज माझे डोळे उघडले! ज्याला आपण दोष म्हणून झाकतो, बाहीत कोंडतो, दगडाने घासतो, तो दोष नव्हे! ती तर आपली..."

"बाबा," खालून ठकी म्हणाली.

"थांब गं. ती तर आपली परंपरा! तो आपला कणा! त्या खरखरीतूनच..."

"बाबा, ते नंतर. आधी खाली या ना." तिने कुकर सावरत मान वर केली. "माझं नाक खाजवा जरा. उजवीकडून."